६० मुलं, एक शेकोटी, सव्वा तास: कार्यक्रम कसा बसवावा?

संत्रानगरी_गाईड
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाचं दोन रात्रींचं शिबिर आहे, नागपूरजवळ कळमेश्वरच्या बाजूला एका पालकांच्या शेतात. आठवी-नववीची ६० मुलंमुली, ८ संघ, ६ शिक्षक. दुसऱ्या रात्री शेकोटीचा कार्यक्रम. माईक नाही आणि नकोही आहे.

शेकोट्यांमध्ये पहिला अर्धा तास रंगतो, मग नकलांची रांग लागते आणि मागच्या ओळीत गप्पा सुरू होतात. तसं होऊ नये म्हणून क्रम कसा लावावा? लाकूड कोणतं, किती? बसवायचं कसं? बांधावर वाळलेलं गवत आहे, त्याचीही काळजी वाटते. ज्यांनी अशी शिबिरं चालवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

निखारा
ताई, क्रम शेकोटीकडूनच घ्या. जाळ पेटतो, चढतो, स्थिरावतो आणि निखाऱ्यावर येतो. कार्यक्रमही तसाच चढला आणि उतरला पाहिजे. गप्पा सुरू होतात त्या बहुतेक वेळा यामुळे, की जाळ उतरलेला असतो आणि समोर अजून आरडाओरड्याची नकल चाललेली असते. किंवा उलट, जाळ भडकलेला असताना कोणीतरी बोधपर भाषण करत असतं.

जेवण आधी उरका, साडेसहाला. तिकडे त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, त्यामुळे सात वाजता पुरता अंधार असतो. भुकेली मुलं गाणी म्हणत नाहीत. शिवाय शांत शेवटानंतर ताटांचा खणखणाट झाला की सगळं विस्कटतं.

सव्वासातला मुलांना रांगेत, टॉर्च बंद करून, न बोलता शेकोटीच्या जागेवर आणा. पन्नास पावलांची चाल पुरे, पण ती हवी. ७.२० ला पेटवणं. पुढची १५ मिनिटं फक्त सर्वांची गाणी: सोपी, कार्यक्रमाच्या प्रमुखानं एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची अशी. लाजरी मुलं इथेच मोकळी होतात. ७.३५ ते ८.०५ नकला आणि संघांचे कार्यक्रम. ८.०५ ला लाकूड टाकणं बंद. तिथून दोन संथ गाणी, एक गोष्ट, दोन मिनिटं शांतता, प्रार्थना. साडेआठला उठायचं.

आता नकला. आठ संघांनी चार-चार मिनिटं घेतली तर ३२ मिनिटं होतात, आणि येण्याजाण्यात तेवढाच वेळ पुन्हा जातो. म्हणून चारच संघांना नकला द्या. उरलेल्या चारांपैकी एकाकडे भारूड, एकाकडे कोडी, एकाकडे शाबासकीच्या टाळ्या, एकाकडे पेटवण्याचा विधी. आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक संघनायकाकडून तीन गोष्टी ऐका: नकल कशावर आहे, शेवटचं वाक्य कोणतं, किती जण आहेत. शेवटचं वाक्य ठरलेलं नसेल तर नकल संपतच नाही, पोरं एकमेकांकडे बघत उभी राहतात. कोणाच्या अंगकाठीवर, बोलीवर, जातीवर किंवा हजर शिक्षकांवर असेल तर तिथेच बदलायला सांगा. ऐन वेळी थांबवणं त्या मुलांना फार लागतं.

एक संघ करत असताना पुढचा संघ कडेला तयार उभा असला पाहिजे. तरी मध्ये फट पडतेच. त्यासाठी प्रमुखाच्या खिशात तीन टाळ्या तयार हव्यात: पावसाची (एका बोटापासून पाच बोटांपर्यंत), रेल्वेची आणि एक त्या शिबिरातच बनवलेली. क्रम जाड अक्षरात एका चिठ्ठीवर लिहा, मोबाईलवर नको. त्या उजेडात प्रमुखाचा चेहरा निळा दिसतो आणि त्याला स्वतःला पाच मिनिटं समोरचं काही दिसत नाही.

तुराटी
निखारा भाऊंनी क्रम सांगितला, मी जमीन आणि लाकडाचं सांगतो.

पहिले जागा. ती काळी माती आहे, हिवाळ्यात भेगाळते, भेगांत वाळलेली मुळं असतात. थेट जमिनीवर जाळ केला तर मुळं आतल्या आत धुमसतात आणि सकाळी भलतीकडूनच धूर निघतो. दीड मीटर व्यासाचं वर्तुळ आखा, त्यात चार इंच मुरूम टाका, पाणी मारून चोपून घ्या. त्याच्या भोवती तीन मीटरपर्यंत गवत खुरप्यानं पूर्ण काढा. बांध, कडब्याची गंजी, तंबू, झाडाची फांदी यांच्यापासून १५ मीटर दूर. कडेला विटा लावा. नाल्यातले गोटे आणू नका. आत मुरलेलं पाणी तापलं की दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यांच्या उंचीला उडतात.

लाकूड बाभळीचं किंवा चिंचेचं, वर्षभर वाळलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, खणकन वाजलं तर कोरडं, बद्द वाजलं तर ओलं. सव्वा तासाला ५० किलो लागेल, वर १० किलो राखीव. लाकडाच्या टालावरून (वखारीतून) मनगटाएवढ्या जाडीचं फोडून घ्या, अखंड ओंडका वेळेत पेट घेत नाही. बांबू अजिबात नको. पेरातली कोंडलेली हवा तापली की तो फटाक्यासारखा फुटतो. कण्हेरीचा धूर विषारी, तीही नको. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड, टायर यांना हात लावू नका.

पेटवणासाठी आपल्याकडे तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आहेत, याच्यापेक्षा चांगलं काही नाही. तुराटी आतून हलकी असते, लगेच धरते. पऱ्हाटी जरा जास्त वेळ टिकते. रचना अशी: मधोमध कापूर आणि वाळलेलं गवत, त्यावर तुराट्यांचा गुडघ्याएवढा शंकू, शंकूच्या भोवती जाड लाकडांची चौकट, विहिरीच्या कठड्यासारखी, तीन फूट बाय तीन फूट, पाच थर. ज्या बाजूनं वारा येतो तिकडे खालच्या थरात वीतभर दार ठेवा, काडी तिथूनच लावायची. थर फार घट्ट बसवले तर हवा जात नाही आणि नुसता धूर होतो. बोटभर फट राहू द्या. दुपारी चारला रचून ताडपत्रीनं झाका, नाहीतर दव पडतं.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल कशालाच परवानगी देऊ नका. नीट रचलं तर दोन कापूरवड्यांत पेटतं.

बसण्याचं: पूर्ण गोल करू नका. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते संध्याकाळीच बघा. वारा येतो त्या बाजूला अर्धवर्तुळ, समोरची बाजू धुरासाठी मोकळी. पहिली ओळ शेकोटीच्या मध्यापासून ४ मीटरवर, दुसरी ५ वर, तिसरी ६ वर. एका मुलाला ६० सेंटीमीटर धरले तर २०, २६ आणि ३१ बसतात, म्हणजे ये-जा करायला वाट ठेवूनही ६० आरामात मावतात. पहिल्या दोन ओळी सतरंजीवर, तिसरी बाकांवर. दम्याची मुलं ओळीच्या मधोमध, टोकाला नाही, कारण वारा फिरला की धूर आधी टोकाला येतो. नकला अर्धवर्तुळाच्या एका टोकाशी, शेकोटीपासून तीन मीटरवर. तिथे जमिनीलगत एक मंद एलईडी कंदील ठेवा. जाळाचा उजेड हलता असतो, त्यात चेहरे नीट दिसत नाहीत.

संत्रानगरी_गाईड
मनापासून आभार दोघांचे. मुरूम शेतमालकांकडेच मिळेल. दोन शंका. एक, काही मुलांना शेकोटी 'आपोआप' पेटलेली दाखवायची आहे, पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन वापरून. दुसरी, शेतमालक हुरडा देणार आहेत, तो त्याच शेकोटीत भाजावा का?

निखारा
ते रसायन नको, ताई. ग्लिसरीन थंडीत घट्ट होतं, आणि डिसेंबरच्या रात्री ते पेटायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. पेटत नाही म्हणून कोणीतरी वाकून बघतो आणि नेमकं तेव्हाच भडकतं. झाडावरून तारेनं सोडलेला पेटता गोळाही नको, तो तारेवर अर्ध्यात अडकतो.

त्याऐवजी चार दिशांनी चार मुलं मशाली नव्हे, साधे कंदील घेऊन येऊ द्या. प्रत्येकानं एक ओळ म्हणायची. मग एका शिक्षकानं एका कंदिलावरून लांब काडी पेटवून दारातून आत लावायची. पहिल्यांदा तुराट्या कडकडतात तो आवाज शांततेत ऐकू आला की साठ मुलं आपोआप पुढे झुकतात. आणि मुलांना आवाजानं बोलावणं ही शिबिराची जुनी खूण आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलांना बोलवायला कुडू हरणाचं शिंग फुंकलं होतं. तुमच्याकडे शंख असेल तर तो वाजवा.

तुराटी
हुरडा वेगळ्या आगटीत, गोवऱ्यांवर, आणि दुपारी. मोठ्या जाळात कणसं बाहेरून करपतात, आत कच्ची राहतात, आणि पोट्टे जाळाजवळ झुंबड करतात. पानगे-रोडगे असे कणकेचे भाजायचे पदार्थ केले तरी तेच. त्यांना गोवऱ्यांचा मंद विस्तव आणि तास-दीड तास लागतो. बघण्याची आग आणि खाण्याची आग वेगळी ठेवा.

खंजिरी
गाण्यांबद्दल थोडं. साथीला खंजिरी आणि डफ पुरे. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी गावोगावी आहे, कोणाच्या तरी घरी सापडेलच. दवानं चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. शेकोटी पेटल्यावर दीड-दोन मीटरवरून दोन मिनिटं शेक द्या, त्याहून जवळ नेलं तर चामडं तडकतं. पट्टी खालची धरा. आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटत असतात, वरच्या पट्टीत ते गप्प होतात. आणि एकाच गाण्याला दोनदा संधी द्या: पहिल्यांदा शिकतात, दुसऱ्यांदा गातात. नवीन गाणी दोनच. बाकी सगळी आधीच्या दिवशी चालताना पाठ झालेली.

रानवाट
सुरक्षेचं राहिलं आहे म्हणून लिहिते. चार बादल्या पाणी, दोन बादल्या रेती, दोन ओली गोणपाटं, एक फावडं. त्यांच्याजवळ एकच शिक्षक, त्यांना दुसरं काम नाही. लाकूडही तेच टाकतील, मुलं नाहीत. नायलॉनची जॅकेटं जाळाच्या उडत्या ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतात, म्हणून वर सुती किंवा लोकरीचं घालायला सांगा. ओढणी आणि शालीची टोकं खोचलेली. कपड्यानं पेट घेतला तर 'थांब, पड, लोळ' हे मुलांकडून दुपारीच करून घ्या. भाजलं तर २० मिनिटं वाहतं थंड पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला आधी कळवा. शेत राखीव जंगलाला लागून असेल तर वनरक्षकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात गुन्हा आहे.

संत्रानगरी_गाईड
शेत जंगलापासून लांब आहे, तरी कळवतेच. आता शेवटाचं सांगा. गोष्ट कोणती?

निखारा
भुताची नको. रात्री मुलं शौचालयाला एकटी जात नाहीत आणि तुम्ही सहाही जण पहाटेपर्यंत जागे राहाल. आठ मिनिटांची गोष्ट, सांगणारा बसून सांगणार.

माझं मत विचाराल तर मृगाची सांगा. सव्वाआठ-साडेआठला निखारे उरलेले असतात आणि आकाश दिसू लागतं. जवळजवळ डोक्यावर, जरा पूर्वेकडे, कृत्तिकांचा पुंजका. त्याखाली लालसर रोहिणी, तिच्या खाली मृग, आणि अगदी खाली आग्नेयेला लखलखणारा व्याध. हरणाचं रूप घेऊन पळणारा प्रजापती, मागे लागलेला व्याध आणि मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. गोष्ट संपताना बोट वर करायचं, बस. मुलं स्वतः शोधतात. पौर्णिमेच्या जवळची तारीख असेल तर कृत्तिका पुसट होतील, पण मृग आणि व्याध तरीही दिसतात. सतरंजीवरून दिशा कोणती येते ते आदल्या रात्री बघून ठेवा, झाड आड येत असेल तर सांगणाऱ्याची जागा बदला.

नंतर मुलांना न बोलता तंबूकडे न्या. निरोपाची भाषणं, आभार, दुसऱ्या दिवसाच्या सूचना हे सगळं जेवणाआधी उरकलेलं असावं.

तुराटी
मुलं गेल्यावर विझवायचं, समोर नाही. एकदम बादली ओतू नका, वाफ आणि राख तोंडावर येते. कडेकडून हातानं शिंपडत आत जा, फावड्यानं उलटा, पुन्हा शिंपडा. माती टाकून झाकू नका. झाकलेले निखारे सकाळपर्यंत तापलेले असतात आणि अनवाणी पाय नेमका तिथेच पडतो. शेवटी हाताची मागची बाजू राखेच्या वर धरा, ऊब लागली तर आणखी एक फेरी.

संत्रानगरी_गाईड
सकाळी मुरूम आणि राख शेतातच पसरू का?

तुराटी
राख थोडी थोडी विरळ फेका, लिंबू-संत्र्याच्या खोडाशी ढीग करू नका, तिथली जमीन खारवते. मुरूम उचलून पोत्यात भरा, पिकाखाली गेला तर मालक नाराज होतील. विटा गार झाल्या की परत. जागा नांगरटीसारखी भुसभुशीत करून द्या.