आजोबांची 1972 ची एफसी-150 पिकअप: पावसाआधी घरच्या घरी काय करू?

कुडाळची

नमस्कार. आमच्याकडे आजोबांची महिंद्रा एफसी-150 आहे, 1972 ची. ती बॉनेट नसलेली, इंजिन दोन सीटच्या मधे असलेली गाडी. वाडीत सगळे तिला 'चपटी' म्हणतात. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, माझ्या आत्याच्या लग्नातली भांडीकुंडी, सगळं तिच्या हौद्यातून गेलंय. 2006 मध्ये आजोबांनी ती मांगरात (सामानाच्या शेडमध्ये) लावली ती लावलीच. या वर्षी आजोबा गेले. कपाट आवरताना चावी सापडली, सुतळीत ओवलेली, आणि सुतळीला आजोबांच्या तपकिरीचा वास अजून आहे.

मी मुलुंडला असते. मे महिन्यात पंधरा दिवस घरी असेन. गाडीची अवस्था अशी: ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, बोट आरपार जातं. हौद्याच्या दोन फळ्यांना वाळवी आहे, बाकीच्या धड. चासीवर हातोडी मारली तर आवाज खणखणीत येतो. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. इंजिन फिरतं का, माहीत नाही.

गावचा फिटर म्हणतो, बॅटरी लावू, पेट्रोल ओतू, ढकलून सुरू करू, नाहीच झाली तर डिझेल इंजिन बसवू. काका म्हणतात, भंगारवाला बरे पैसे देतोय. मला ती विकायची नाही. मांगर कौलारू आहे, जमीन मातीची, पावसात भिंतीला हात लावला तर ओला होतो. पंधरा दिवसांत मी नेमकं काय करू?

इंची पाना (मिरज)

ताई, सगळ्यात आधी: ती गाडी कुणालाही ढकलून सुरू करू देऊ नका. अगदी काकांनी आग्रह केला तरी.

कारण सांगतो. या गाडीत विलिसचं हरिकेन इंजिन असतं, चार सिलिंडर, 2.2 लिटर. त्याचे इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारे) व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इतकी वर्षं उभ्या गाडीत हे खालचे व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून बसतात, आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला. ढकलून गिअर टाकला की काहीतरी वाकतं नाहीतर तुटतं, आणि मग जे काम डिझेलच्या दोन चमच्यांनी झालं असतं ते लेथवाल्याकडे जातं.

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल असं दोन-दोन चमचे सोडा. आठवडाभर हात लावू नका. मग चाकांखाली पक्की उटी (अडसर) लावून मागचं एकच चाक उचला, टॉप गिअर टाका आणि ते चाक हाताने पुढे-मागे हलवा. जोर लावायचा नाही, नुसतं डोलवायचं. प्लगच्या भोकातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला की इंजिन मोकळं झालं समजा. नाही आला तर परत डिझेल, परत थांबायचं. माझ्या गाडीला सव्वा महिना लागला.

पाने इंची आणा. मिलिमीटरचा पाना या बोल्टांवर जवळजवळ बसतो आणि त्या 'जवळजवळ'मुळेच डोकी गोल होतात.

आता पावसाचं. माझी गाडी मी पहिल्या पावसाळ्यात निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती, चारी बाजूंनी दोरी आवळून. मला वाटलं, थेंब आत जाणार नाही. दसऱ्याला उघडली तर आतून प्लास्टिकला घाम सुटलेला आणि छताचा पत्रा, जो जूनमध्ये चांगला होता, नखाने खरवडला तरी पापुद्रे निघत होते. आणि हे मिरजेत, जिथे तुमच्या चौथाई पाऊसही पडत नाही. पाणी वरून येतं तेवढंच खालूनही येतं. म्हणून प्लास्टिक घालायचं ते जमिनीवर, गाडीच्या खाली, पूर्ण मांगरभर. त्यावर फळ्या. गाडीवर फक्त जुनी सुती चादर, काचा दोन बोटं खाली, वारा खेळला पाहिजे.

गाडी ॲक्सलखाली आधार देऊन उचला, टायर जमिनीपासून सुटले पाहिजेत. आधार लाकडी ओंडक्यांचा किंवा जॅकस्टँडचा. तुमच्याकडे जांभ्या दगडाचे चिरे सगळीकडे पडलेले असतात, पण चिऱ्यावर गाडी ठेवू नका. जांभा अचानक फुटतो, आणि खाली माणूस असू शकतो.

टाकी पूर्ण रिकामी करा आणि रिकामीच राहू द्या. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. शिवाय गाडीतल्या पेट्रोल पंपाचा जुना रबरी पडदा आणि रबरी नळ्या त्याने गळतात. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरला बारीक जाळी बांधा, उंदीर तिथेच घर करतात.

पायाखालचा पत्रा यंदा राहू द्या. मे महिन्यात घाईने पत्रा वेल्ड करून, वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर खालचा गंज ऑक्टोबरात वर येतोच. तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, रेड ऑक्साइडचा (गंजरोधक रंगाचा) हात मारा, बस.

खाडीकाठ (मालवण)

वरचं सगळं बरोबर. हौद्याच्या फळ्यांसाठी आमच्याकडचा उपाय: काजूच्या टरफलाचं तेल. आमच्या होड्यांना लावतात तेच. वाळवी त्या लाकडाच्या वाटेला जात नाही. फळ्या काढून उन्हात चांगल्या सुकवा, मग दोन हात द्या. पण हातमोजे घाला आणि अंगभर कपडे. कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, माझ्या मनगटावर डाग अजून आहे.

आणि डिझेल इंजिनाबद्दल. 2021 च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमात 50 वर्षांवरची गाडी बसते, पण इंजिन, चासी आणि बॉडी मूळची हवी. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. हा नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या आरसी बुकात मालवाहू लिहिलं असेल तर आधी आरटीओत विचारा, मगच खर्च करा. बुक रत्नागिरीचं असणार, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला.

इंची पाना (मिरज)

खाडीकाठ यांनी कागदांचा विषय काढला म्हणून एक महत्त्वाचं. तारेचा ब्रश लावण्याआधी चासी नंबर शोधा. रॉकेलच्या फडक्याने हळू पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवून छाप घ्या. दोन-तीन छाप घ्या, एक आरसी बुकात ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाने घासयंत्राने गंज काढताना नंबरातले दोन आकडे घालवले. गाडी सुंदर झाली, पण आज ती त्याच्या अंगणातच उभी असते.

कुडाळची

पंधरा दिवस झाले, उद्या परत मुलुंडला. कळवायचं कबूल केलं नव्हतं, पण कळवल्याशिवाय राहवत नाही.

चासी नंबर सापडला, चिखलाच्या थराखाली. छाप घेतली तेव्हा काका कंदील धरून शेजारी बसले होते. आरसी बुकातला नंबर मी वाचला, कागदावरचा त्यांनी, आकड्याला आकडा जुळला. त्यानंतर त्यांनी भंगारवाल्याचं नाव काढलेलं नाही.

डिझेल पहिल्या दिवशीच सोडलं. आठव्या दिवशी चाक हललं नाही. अकराव्या दिवशीही नाही. काल संध्याकाळी काका आणि मी चाक डोलवत होतो, आणि तिसऱ्या प्लगच्या भोकातून फुस्स झालं. मग दुसऱ्या. पूर्ण फेरा नाही झाला, पाव फेरा असेल. आई आतून धावत आली, तिला वाटलं साप.

खाली प्लास्टिक, ओंडके, सुती चादर, जाळ्या, सगळं झालं. फळ्यांना तेल लावलं. टाकीतून जे निघालं ते पेट्रोल म्हणवत नाही. आता पावसाळाभर काका घरीच आहेत. त्यांना काय सांगून जाऊ?

इंची पाना (मिरज)

वाचून फार बरं वाटलं. काकांना सांगा, दर रविवारी मागचं एक चाक जमिनीवर टेकवून, टॉप गिअर टाकून, दुसऱ्या चाकाला तसाच पाव फेरा द्यायचा आणि मग गिअर न्यूट्रलला ठेवायचा. प्रत्येक भोकात महिन्याला एक चमचा इंजिन ऑइल, बाकी वेळ प्लग हाताने लावलेले. पाऊस उघडेल त्या दिवशी मांगराचं दार सताड उघडं ठेवायचं.

दिवाळीला याल तेव्हा इंजिनाआधी ब्रेक उघडा. या गाडीच्या चारही चाकांना एकच लाइन आहे, एका ठिकाणी गळलं की पाय थेट तळाला जातो. चारही व्हील सिलिंडर काढून फोटो टाका, कोणते वाचतील ते बघू.