द्वंद्वगीत की युगुलगीत? मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांच्या एका गाण्यावरून

रेवा_लिहिते: 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' (कोणताही डोंगर पुरेसा उंच नाही) या मार्विन गे आणि टॅमी टेरेल या अमेरिकी गायक-गायिकेच्या 1967 सालच्या गाण्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. मी त्याला 'द्वंद्वगीत' म्हटले होते. संपादकांनी ते खोडून 'युगुलगीत' केले आणि समासात 'इथे भांडण कुठे आहे?' असा शेरा मारला. माझ्या लहानपणी रेडिओवरचे निवेदक 'द्वंद्वगीत'च म्हणत असत. कोणता शब्द ठेवावा?

व्याकरणवेडा: समासातल्या शेऱ्याला समासानेच उत्तर देता येईल. 'आईवडील' हा द्वंद्व समास आहे, म्हणून आपण त्यांना भांडखोर ठरवत नाही. द्वंद्व म्हणजे मुळात जोडी. द्वंद्वयुद्धामुळे त्याला झुंजीचा वास लागला, यात त्या शब्दाचा काय दोष?

जुनी_तबकडी: दोष नसेलही, पण वास लागला तो लागला. आजच्या वाचकाला 'द्वंद्व' म्हटले की मनातले द्वंद्वच आठवते. 'युगुलगीत' लिहावे आणि मोकळे व्हावे.

माळावरचा: 'युगुल' तरी कुठे निर्मळ राहिले आहे? बातम्यांतले 'प्रेमीयुगुल' नेहमी पळून गेलेले किंवा पोलीस ठाण्यात हजर झालेले असते. वास्तविक युग म्हणजे जू. आपले 'जुळे'ही त्याच कुळातले. एका जुवाखाली चालणाऱ्या बैलांचे एकमेकांवर प्रेम असावेच लागते असे नाही. शिवाय दुसऱ्या कडव्यात 'तुला मोकळे केले तो दिवस आठव' अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे ही दोघे विलग झालेली आहेत आणि तरीही हाकेला धावून येण्याचे वचन पाळू पाहत आहेत. मला तर हे गाणे इतकी वर्षे टिकण्याचे कारण तेच वाटते, कारण आर्जवाची गाणी वयाबरोबर मागे पडतात, पण वचनाचे गाणे मित्राला, भावंडाला, मुलालाही लागू पडते.

डेट्रॉइटवासी: दुजोरा देतो. निकोलस ॲशफर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन या जोडीने ते रचले. मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून चालताना 'या शहराला मी हार जाणार नाही' या जिद्दीतून शब्द सुचले, असे ॲशफर्ड सांगत असत. आता वादात आणखी तेल ओततो: टेरेलने आपला भाग आधी एकटीने गायला आणि गे यांचा आवाज नंतर त्यावर चढवला गेला. हे गाणे काढणाऱ्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे डेट्रॉइटमधल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे घर आता संग्रहालय आहे; तिथला लहानसा स्टुडिओ पाहताना हीच गोष्ट मनात घोळत होती.

जुनी_तबकडी: मग ना द्वंद्व, ना युगुल! दोन एकल गाणी शिवलेली आहेत.

रेवा_लिहिते: तसे असते तर गायिका डायना रॉसने 1970 साली एकटीने गायलेले हेच गाणे पुरेसे ठरले असते. ते बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तर मूळ गाणे एकोणिसाव्याच्या वर चढले नव्हते. तरीही आज चारचौघांत कोणी हे गाणे सुरू केले, तर बहुधा गे-टेरेल यांच्याच चालीवर करतो. रॉसच्या गाण्यात बोललेले निवेदन आहे, भव्य चढ आहे, पण उत्तर देणारे कोणी नाही.

व्याकरणवेडा: म्हणजे हा इतरेतर द्वंद्व झाला. 'आणि' काढला की अर्थच कोसळतो.

मीरा_ऐकते: तुम्ही सगळे शोकांतिका विसरलात का? ऑक्टोबर 1967 मध्ये व्हर्जिनियातल्या एका महाविद्यालयात गाताना टेरेल गे यांच्या बाहूंत कोसळली. मेंदूतल्या गाठीमुळे 16 मार्च 1970 रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती गेली. हे ठाऊक झाल्यावर ते वचन ऐकवत नाही.

माळावरचा: ठाऊक असणाऱ्याला ऐकवत नसेल, पण लग्नात त्यावर नाचणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते. शिवाय गाणे त्याआधीच गाजले होते. कलाकृतीच्या यशाचे श्रेय मृत्यूला देण्याची ही आपली सवय मला खटकते.

डेट्रॉइटवासी: श्रेय द्यायचेच तर चर्चला द्या. ॲशफर्ड आणि सिम्पसन हार्लेममधल्या एका चर्चमध्ये भेटले, आणि एकाने म्हणायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे ही गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची रीत या गाण्यात पुरेपूर उतरली आहे. कोणाची ओळ कुठे संपते हे कळण्याआधीच दुसरा आवाज आत शिरतो. तेव्हा 'साद-प्रतिसाद गीत' का म्हणू नये?

जुनी_तबकडी: शाळेतल्या कवायतीसारखे वाटते. उद्या कोणी 'सोल' या, अशा गाण्यांच्या संगीतप्रकाराच्या नावाचे 'आत्मसंगीत' करील आणि वाचक प्रवचनाला बसल्यासारखा बसेल.

मीरा_ऐकते: पहिल्या कडव्यात 'हाक मार, मी धावत येईन' हे ती म्हणते, तो नव्हे. तो 'काळजी करू नकोस' एवढेच मध्ये घालतो. अशा गाण्यात आधार देणारी बाई आणि आधार घेणारा पुरुष, हे 1967 साली कितपत रुळलेले होते? याबद्दल कोणीच बोलत नाही.

व्याकरणवेडा: कारण प्रश्न शब्दाचा होता. आणि 'युगुल' हे रूप मुळात 'युगल' आहे, हेही कोणी बोललेले नाही.