'ऋतुचक्र' महिन्यामहिन्याने
आयुष्यभर साथ देणारं पुस्तक कोणतं, या चर्चेत एकांनी म्हटलंय की अशी पुस्तकं म्हणजे कादंबऱ्या नाहीतर आत्मचरित्रं. माझ्या बाबतीत ते काम एका ललित लेखसंग्रहाने केलं: दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ सालचं.

कॉलेजात असताना बाबांच्या कपाटातली प्रत उचलली आणि चार पानांत ठेवून दिली. गोष्टच नाही यात, असं वाटलं. पुढे आई गेली त्या फाल्गुनात घरात बसवत नव्हतं, तेव्हा ती पुन्हा काढली. मराठी बारा महिन्यांवर एकेक लेख. जो महिना लागेल त्याचा लेख, असं वर्षभर वाचलं. चैत्राचा वाचून खाली उतरले, तर गल्लीतल्या पिंपळाला तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी. लहानपणापासून त्याच झाडाखालून शाळेत गेले, पण ती दिसली त्या दिवशी. हात लावून बघितली, इतकी मऊ!

अजूनही पाडव्याला गुढी उतरवली की चैत्र वाचते. बांधणी सुटलीय, पानं दोऱ्याने बांधून ठेवते. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी कृपया सलग वाचू नका. सध्या चालू असेल त्या महिन्यापासून सुरुवात केली तरी चालतं.