नोकऱ्या किती, हे आधी विचारावे की नोकऱ्या कशा, हे?

मूळ मत
वस्तीत दवाखाने किती आहेत यावरून तिथल्या लोकांच्या प्रकृतीचा अंदाज बांधला जातो. माझ्या मते ती माणसे कोणत्या अटींवर काम करतात हे आधी पाहायला हवे. आजारपणाची भरपगारी रजा नसेल तर तापाने फणफणलेला माणूसही कामावर जातो आणि संसर्ग सहकाऱ्यांच्या घरांपर्यंत पोहोचतो. कामाची पाळी ऐनवेळी बदलत असेल तर मधुमेहाच्या रुग्णाला जेवण, औषध आणि झोप यांचा मेळ घालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणून नवा उद्योग येताना नोकऱ्यांच्या आकड्याआधी त्यांच्या अटी तपासाव्यात.

प्रतिसाद १
असहमत. अटींची चर्चा हाताला काम असलेल्यांना परवडते. अमेरिकेत मोटारजोडणीचे कारखाने बंद पडलेल्या भागांत पाच वर्षांनी अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू, कारखाने चालू राहिलेल्या तशाच भागांच्या मानाने, सुमारे ८५ टक्के अधिक असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कारखाना जातो तेव्हा पगाराबरोबर आरोग्य विमा, दिवसाची शिस्त आणि समाजातले स्थानही जाते, आणि त्याची झळ कारखान्यात कधीच काम न केलेल्या शेजाऱ्यालाही बसते. अटींच्या आग्रहामुळे उद्योग आलाच नाही, तर त्या वस्तीला तुम्ही काय देणार?

मूळ मतकर्त्याचे उत्तर
हा अभ्यास एकाच मालकावर विसंबलेल्या वस्तीचा धोका दाखवतो. वाईट अटी मुकाट्याने मान्य कराव्यात, असे त्यातून निघत नाही. शिवाय बंद पडलेल्या त्या नोकऱ्या बऱ्या पगाराच्या आणि विम्याच्या होत्या, म्हणूनच त्या गेल्याचा घाव इतका खोल गेला.

प्रतिसाद २
विसंबण्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे माणसांच्या शरीरात गेला. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी हे सांडपाणी १९६८ पर्यंत सुरूच राहिले. शहराचा रोजगार आणि कर या कारखान्यावर अवलंबून असल्याने भरपाई मागणाऱ्या मच्छीमार रुग्णकुटुंबांनाच शेजाऱ्यांचा रोष सहन करावा लागला. ज्याच्यावर चूल पेटते त्याच्याविरुद्ध साक्ष देणे किती अवघड असते, हे प्रतिसाद १ मध्ये विचारात घेतलेले नाही.

प्रतिसाद १ चे उत्तर
मिनामाताचे उदाहरण मला मान्य आहे, पण तो दोष देखरेख न करणाऱ्या शासनाचाही होता. प्रदूषण आणि सुरक्षा यांबाबत तडजोड नको, हे मी मानतो. मात्र पाळ्या, रजा आणि वेतन यांच्या अटी उद्योग स्थिरावल्यावर, कामगारांची संघटना उभी राहिल्यावर वाढवता येतात. रिकाम्या वस्तीत त्या मागायला कोणी उरलेलेच नसते.



मूळ मतकर्त्याचे उत्तर
निदान आजारपणाची रजा तरी पहिल्या दिवसापासून हवी. संसर्ग संघटना उभी राहण्याची वाट पाहत नाही.