मदत हवी आहे : 'एल-ए' ठशाचा लंडनचा सोनार कोण?

प्रश्न (रवाळ) :
चांदीच्या मोठ्या पेल्याच्या बुडाला चार ठसे आहेत. बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई), मानेपासून तोडल्यासारखं सिंहाचं डोकं, एक अक्षर आणि 'एल-ए'. 'एल-ए'च्या वर मुकुट नि चांदणी, खाली लिलीचं फूल. या आद्याक्षरांचा कुणी यादीत सापडत नाही. माग कसा काढायचा?

तासणी :
आद्याक्षरं शोधताय तिथेच चुकतंय. १६९७ ते १७२० इंग्लंडात ९५.८४ टक्के शुद्ध चांदी सक्तीची होती. ब्रिटानिया आणि सिंहाचं डोकं ही त्याचीच खूण. अशा चांदीवर कारागीर आडनावाची पहिली दोन अक्षरं मारत. मुकुट, चांदणी, लिली जुळत असतील तर तो लंडनचा सोनार पॉल द लामरी. पण नुसत्या ब्रिटानियावरून १७२०च्या आधीचा काळ धरू नका. सक्ती गेल्यावरही तो बरीच वर्षं हीच चांदी वापरत होता, साध्या (स्टर्लिंग) चांदीसाठीचा नाव-आडनावाचा 'पी-एल' ठसा त्याने १७३३मध्ये नोंदवला. साल त्या सुट्या एका अक्षरावरून ठरेल. ते तेव्हा मे महिन्यात बदलायचं, म्हणून १७१६-१७ असं जोडसाल लिहा.

मुशीवाला :
चरित्रासाठी लंडनच्या फॉस्टर लेनमधल्या गोल्डस्मिथ्स कंपनीच्या (सोनारांच्या संघाच्या) वह्या उलट्या क्रमाने बघा. आधी ठसा, मग सभासदत्व, शेवटी उमेदवारी (उस्तादाकडे शिकण्याचा काळ). उमेदवारीच्या नोंदीत सहसा बापाचं नाव, गाव, धंदा मिळतो. लामरी १७०३मध्ये पिएर प्लातेल या सोनाराकडे उमेदवार लागला. सभासदत्वाची तारीख ४ फेब्रुवारी १७१२ दिसेल, ती आपल्या हिशेबाने १७१३. तेव्हा तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. इथे हमखास एक वर्ष चुकतं.

बापाच्या हक्काने किंवा पैसे भरून सभासद झालेल्याची उमेदवारीची नोंद नसते, ती शोधत बसू नका. १७५८-५९ ते १७७३ दरम्यानच्या ठशांच्या दोन वह्याही हरवल्यात. शेवटची वर्षं मृत्युपत्रात सापडतात, कँटरबरीच्या (मृत्युपत्रं सिद्ध करणाऱ्या) न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

रवाळ :
ठसे खरे आहेत हे कसं ओळखू?

तासणी :
बुडावर तोंडाची वाफ सोडा. ठशांभोवती डाखाची (सांधणीची) गोल रेघ उमटली तर तो तुकडा दुसऱ्या वस्तूतून कापून बसवलेला. १७२० ते १७५८ औंसाला सहा पेन्स कर होता. तो चुकवायला छोट्या वस्तूवर ठसे मारून घेऊन मोठीत डाखत. लामरीच्या कामातही हे सापडतं, त्यामुळे रेघ दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका.