फोटोतल्या माणसाला बोलू द्यावं की नाही?

कानसेन
माणसाची गोष्ट सांगायची तर वृत्तछायाचित्रकाराने रेकॉर्डर जवळ ठेवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. फोटोखालची ओळ आपण लिहितो, म्हणजे त्या माणसाचं म्हणणं आपल्या तोंडून येतं. ऑडिओ स्लाइडशोत, म्हणजे पडद्यावर एकामागून एक फोटो आणि मागे मुद्रित आवाज, तो स्वतः बोलतो, अडखळतो, नको तिथे हसतो. न्यूयॉर्क टाइम्सने २००९ मध्ये 'वन इन एट मिलियन' ही मालिका केली. शहरातली ५४ साधी माणसं, टॉड हाइस्लर यांचे कृष्णधवल फोटो आणि ज्याची गोष्ट त्याचाच आवाज. तिला एमी हा अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार मिळाला, ते सोडा. पण दोन-तीन मिनिटांत माणूस कळतो. एका ओळीत हे जमवून दाखवा.

निगेटिव्ह
साफ असहमत. स्लाइडशोत फोटो चार-पाच सेकंद दिसतो आणि जातो. किती वेळ बघायचं हे माझं मी ठरवेन ना! अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथचा १९४८ चा 'कंट्री डॉक्टर' आठवा, खेड्यातल्या डॉक्टरवरची फोटोकथा. शस्त्रक्रिया आटोपून हातात कॉफीचा कप धरून उभा असलेला तो डॉक्टर. त्याच्या आवाजात 'फार दमलो हो' असं मागे वाजलं असतं, तर फोटोत बघायला उरलं काय असतं?

कानसेन
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. याच स्मिथने १९५७ पासून मॅनहॅटनमधल्या आपल्या इमारतीत मायक्रोफोन लावून जॅझवाल्यांच्या मैफली, गप्पा, रस्त्यावरचे आवाज असं सुमारे ४,००० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. नुसत्या फोटोंवर तोही समाधानी नव्हता.

निगेटिव्ह
टेप करणं वेगळं, ती फोटोला चिकटवणं वेगळं.

तिसरी घंटा
चिकटवण्यावरूनच माझा आक्षेप. बाई संध्याकाळी मुलाखतीत सांगते, "मुलगा गेला त्या दिवशी..." आणि पडद्यावर ती खिडकीबाहेर बघताना दिसते. तो फोटो सकाळचा, ती कदाचित पाऊस येतोय का ते बघत असेल. बघणारा मात्र त्या नजरेत मुलगा शोधतो. फोटो खरा, आवाज खरा, जोड खोटी. छापील फोटोखाली निदान जागा आणि तारीख असते. त्यात वर पियानो!

कानसेन
पियानोबद्दल तुमच्याच बाजूने. ज्याला संगीत लागतं त्याची मुलाखत कच्ची असते. जोडीचा धोकाही खरा आहे, पण त्यावर उपाय कामाच्या क्रमात आहे. आधी बोलणं मुद्रित करायचं, ते ऐकायचं आणि मग त्यातल्या जागा, वस्तू, माणसं टिपायला परत जायचं. ज्या वाक्याला प्रामाणिक फोटो नाही तिथे पडदा काळा ठेवायचा. संपादक कुरकुरतात, कुरकुरू द्या.

आडवी फ्रेम
भांडताय कशावर? हा प्रकार संपला. २००५ मध्ये साउंडस्लाइड्स हे सॉफ्टवेअर आलं, प्रोग्रामिंग न येणाऱ्या फोटोग्राफरला स्लाइडशो बांधता येऊ लागला. पण तो चालायचा ब्राउझरमधल्या फ्लॅश या प्लगइनवर आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशच बंद केलं. त्या काळातलं किती तरी काम आज ब्राउझरमध्ये उघडत नाही. त्याआधीच, २००८ मध्ये, कॅनन ५डी मार्क २ ने स्टिल कॅमेऱ्यात एचडी व्हिडिओ दिला आणि साहेब लोक व्हिडिओच मागू लागले.

कानसेन
बंद पडलं ते साधन. व्हिडिओ कॅमेरा समोर आला की माणूस सावरून बसतो. रेकॉर्डर टेबलावर पडला असेल तर पाच मिनिटांत विसरतो. फोटो नंतर, त्याच्या कामात तो गुंतलेला असताना. हे दोन वेळचं काम व्हिडिओत होत नाही.

पडद्यामागे
एक राहिलंच. फोटोत चेहरा अंधारात ठेवता येतो, पाठमोरा घेता येतो. आवाजावरून मात्र घरचे, शेजारचे, मारणारा नवरासुद्धा लगेच ओळखतो. अशा बाईच्या गोष्टीत तुमचा रेकॉर्डर काय करणार?

कानसेन
तिथे बंद. यंत्राने बदललेला आवाज लावला तर तीच आरोपी वाटायला लागते. तिचे शब्द दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता येतील, पण मग मी सुरुवातीला जे मागतोय ते त्यात नाही, हे मान्य.

निगेटिव्ह
म्हणजे तिच्यापुरती फोटोखालची ओळच. +१