मदत हवी आहे: पट्टा असलेला देशी कुत्रा सापडलाय (कर्वेनगर, पुणे). मालक कसा शोधावा?

पाचवा_मजला

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कुत्रा येऊन बसलाय. देशी, नर, तांबूस-पिवळा, शेपटीचं टोक पांढरं. वय दोन-तीन वर्षं असावं. गळ्यात निळा पट्टा आहे, पण नावाची चकती नाही. वॉचमनदादांना तो पहाटे दुधाच्या क्रेटमागे थरथरत बसलेला दिसला. नदीपात्राकडून आला की हायवेच्या बाजूने, कुणीच पाहिलं नाही. फटाक्यांना घाबरून पळालाय एवढं नक्की, कारण अजूनही कुठे लवंगी वाजली तरी गाडीखाली शिरतो.

सोसायटीत सगळ्यांचं एकच म्हणणं: "देशी आहे ना, मग भटकाच. पट्टा काय, हल्ली खायला घालणारेही बांधतात." खायला घालणारे पट्टे बांधतात हे खरंच आहे, त्यामुळे नुसत्या पट्ट्यावर मीही विसंबले नसते. पण बाकीचं बघा. रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर आपण नुसतं खाली वाकलो तरी तो दगडाच्या भीतीने मागे सरतो. हा वाकल्यावर पुढे येतो. "हाड्" म्हटलं तर आपल्याला म्हणतायत हे त्याच्या गावीही नाही. लिफ्टचं दार उघडलं की आत जाऊन कोपऱ्यात दाराकडे तोंड करून बसतो. दहीभाताची ताटली पुढे ठेवली तर खाईना, नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "खा", "घे", "ओके", सगळं म्हणून झालं. शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई "खा लो" म्हणाल्या आणि पठ्ठ्या तुटून पडला!

आणखी एक. नसबंदी झालेली आहे, पण कानाला खाच नाही.

जवळच्या डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला तर चिप सापडली. पंधरा आकडी नंबर आला. मला वाटलं झालं काम, आता नाव-पत्ता मिळेल. तर डॉक्टर म्हणाले, नंबर आहे, पुढे काही नाही. नेटवर नंबर टाकून पाहिला, "नोंद नाही" असं आलं.

तर प्रश्न असे: या नंबरावरून मालकापर्यंत पोचायचा काही मार्ग आहे का? "आमचाच आहे" म्हणणारे फोन यायला लागलेत, खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि तोवर त्याला ठेवून घेण्यात कायद्याची काही अडचण? घरात एक म्हातारी मांजर आहे, ती माझ्याशी बोलेनाशी झालीये.

(अंगावरची एक खूण मुद्दाम लिहीत नाहीये.)

स्पष्टवक्ता_पेठ

राग मानू नका, पण तुम्ही फारच मनावर घेतलंय. देशी कुत्रा हुशार असतो, चार दिवसांत लिफ्टही शिकतो. नदीपात्रात नेऊन सोडा, आला तसा जाईल. हजारांनी आहेत पुण्यात.

गोठा_ते_क्लिनिक

मी पशुवैद्य आहे. वरच्या प्रतिसादाला आधी उत्तर देतो. खाच नसणं हीच या केसमधली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. महापालिकेच्या नसबंदी मोहिमेत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडतात, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा उचलला जात नाही. नसबंदी आहे आणि खाच नाही, याचा अर्थ कुणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे घालून खाजगीत करून घेतलीये. वर चिप. हा भटका नाही. पैजेवर सांगतो.

आता चिपबद्दल, कारण लोकांचा फार गैरसमज असतो. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. आत बॅटरी नाही. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते, बस. नाव, पत्ता, फोन यातलं काहीही चिपमध्ये नसतं. ते कुठल्या तरी यादीत नोंदवावं लागतं, आणि आपल्याकडे सगळ्या देशाची मिळून वापरात असलेली एकच यादी नाही. क्लिनिकवाला टोचतो, पुस्तकात स्टिकर चिकटवतो, मालक ते पुस्तक कपाटात टाकतो. नोंद करायची राहूनच जाते.

तरी नंबर वाया जात नाही. पहिले तीन आकडे बघा. ३५६ असेल तर तो भारताचा कोड. ९ ने सुरू होत असेल तर बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड. कंपनी कळली की तिचा इथला वितरक शोधायचा आणि विचारायचं, या नंबरांचं पाकीट कुठल्या क्लिनिकला विकलं. मालकाचं नाव वितरकाकडे नसेल, पण क्लिनिकचं बिल असतं. आणि क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये मालक असतो. हे काम तुमच्या डॉक्टरांनाच करू द्या, बाहेरच्या माणसाला वितरक दाद देत नाहीत. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मीही बघतो. नंबर इथे पूर्ण टाकू नका, उद्या कुणीही तोच वाचून दाखवेल.

शिवाय महापालिकेत कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा. परवाना काढणारे थोडे, पण विचारायला काय जातं. आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन वेगळ्या महापालिका आहेत, दोन्हीकडे विचारा. कुत्र्याला हद्द कळत नाही.

मांजरीपासून वेगळा ठेवा, गोचीड बघून घ्या. रेबीजची लस झालीये की नाही माहीत नाही, तेव्हा ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जा. "घरातला वाटतो" म्हणून थांबू नका.

काळा_कोट

कायद्याचं मी सांगते. कायद्याच्या नजरेत पाळलेला कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७१: दुसऱ्याची वस्तू सापडून जो ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी विश्वासाने ठेवायला घेतलेल्या वस्तूसारखी. म्हणजे नीट सांभाळायचं आणि मालक शोधायचा रास्त प्रयत्न करायचा. ते तुम्ही करताच आहात. कलम १६८ त्याहून गमतीचं आहे. सांभाळण्यावर आणि मालक शोधण्यावर झालेला खर्च मिळेपर्यंत तुम्ही कुत्रा अडवून धरू शकता, पण त्या खर्चासाठी दावा लावू शकत नाही. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर मात्र त्यासाठी दावा चालतो.

मालक कोण ते माहीत असून, किंवा शोधायचा प्रयत्नच न करता लबाडीने ठेवून घेतला, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ कडे जातं. तुम्हाला ती भीती नाही. तरी जवळच्या चौकीत फोटोसकट एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. उद्या कुणी "आमचा कुत्रा पळवला" म्हणत आलं तर तो कागद बोलेल.

स्पष्टवक्ता, नदीपात्रात सोडायचा सल्ला देण्याआधी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ वाचा. प्राणी उपाशी-तहानलेला तडफडेल अशा स्थितीत सोडून देणं हाही त्यात गुन्हा आहे.

निपाणीकर

आमच्याकडचा किस्सा आठवला. २०२४ च्या आषाढीला निपाणी तालुक्यातल्या यमगर्णीचा एक काळा कुत्रा मालकासोबत पायी पंढरपूरला गेला आणि तिथल्या गर्दीत चुकला. मालक शोधून थकला, घरी परतला. कुत्रा मागाहून एकटाच अडीचशेच्या आसपास किलोमीटर तुडवत गावात हजर! गावाने हार घालून मिरवला, जेवणावळ घातली. पेपरात आलं होतं तेव्हा. त्याचं नावही महाराज.

बंड्याची_आई

महाराजांना दंडवत, पण अशा बातम्या वाचून लोक "येईल आपोआप" म्हणून बसून राहतात. महाराज चालत गेला होता, वाट त्याच्या नाकाखालून गेली होती. फटाक्याने उधळलेलं कुत्रं वाट बघत पळत नाही.

माझा बंड्या असाच विसर्जनाच्या डीजेला बिथरून पळाला होता. सापडला तो घराजवळच, उभ्या असलेल्या स्कूलबसखाली. आणि मी हाक मारली तर माझ्याकडे बघून आणखी आत सरकला! माझ्याकडे, जिच्या उशीवर झोपतो! शेवटी त्याच्याकडे पाठ करून फूटपाथवर बसले, न बघता चिकनचे तुकडे मागे टाकत राहिले. बऱ्याच वेळाने पाठीला ओलं नाक लागलं. घाबरलेलं कुत्रं काही काळ आपल्या माणसालाही ओळख देत नाही, त्याला सगळे शिकारीच वाटतात.

हे एवढं सांगितलं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. माणूस आला आणि कुत्र्याने शेपटी हलवली नाही, म्हणून तो खोटा असं धरू नका. आणि शेपटी हलवली म्हणून खराही नाही, बिस्किटवाल्या कुणालाही हलवतात. कागद मागा. लसीचं पुस्तक, त्यावर चिपचं स्टिकर असेल तर सोन्याहून पिवळं. जुने फोटो मागा, एक नाही, वेगवेगळ्या वयातले, घरातले. फोन आला की तुम्ही वर्णन सांगू नका, त्यांना सांगू द्या. "शेपटीचं टोक पांढरं ना?" असं आपणच विचारून मोकळे होतो. लपवलेली खूण शेवटपर्यंत लपवा. आणि "गाडीभाडं पाठवा, आमचा माणूस येतो" किंवा मोबाइलवर आलेला आकडा सांगा म्हणणारा निघाला तर फोन ठेवा.

पोस्टर लावताना फोटो मोठा आणि तीनच ओळी: कुत्रा सापडला आहे, भाग, फोन. चालत्या स्कूटरवरून वाचता आलं पाहिजे. मेडिकलवाले, चिकन सेंटर आणि पहाटेचे पेपरवाले यांना चिकटा. तुम्ही हिंदी "खा लो" लिहिलंय, तर पोस्टर हिंदीतही काढा.

पाचवा_मजला

सगळ्यांचे आभार, आणि बातमी चांगली आहे!

डॉक्टरांनी नंबरावरून वितरक गाठला. पाकीट गेलं होतं वाकडच्या एका क्लिनिकला. तिथल्या रिसेप्शनच्या मुलीने जुनी रजिस्टरं काढून नाव शोधलं. त्यातला फोन बंद होता, पण घराचा पत्ता होता. ती मुलगी स्वतः संध्याकाळी त्या सोसायटीत जाऊन आली. तिचे आभार कसे मानू कळत नाही. कुटुंब दिवाळीला गावी गेलेलं, शेजाऱ्यांकडून नवा नंबर मिळाला. कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवला होता, आमच्यापासून फार लांब नाही. तिथून पळाला हे बोर्डिंगवाल्यांनी त्यांना कळवलंही नव्हतं, विचारलं की "मजेत आहे" म्हणून जुने फोटो पाठवत होते. यावर मी काय बोलणार.

बंड्याच्या आईने सांगितलं तसंच केलं. मी काही न सांगता त्यांनीच खूण सांगितली: मागच्या उजव्या पायाचं एक नख मुळातच नाही. पुस्तकावरचं स्टिकर जुळलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी हाका मारमारून घसा कोरडा केला, तर हा ढिम्म, मांजरीच्या ताटलीकडे बघत बसलेला. बंड्याचं वाचलं नसतं तर मला शंका आली असती. नाव पोहा. (इंदूरचे आहेत, हे वेगळं सांगायला नको.) शनिवारी न्यायला येतायत. खर्चाचं त्यांनी विचारलं, कलम १६८ लावत नाही म्हटलं, शेव आणा.

एक विनंती. ज्यांनी फोटो पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर "मालक सापडले" असं टाका ना. अजून फोन येतायत.

गोठा_ते_क्लिनिक

उत्तम! त्यांना सांगा, चिपची नोंद नव्या फोन नंबरासकट करून घ्या आणि पट्ट्यावर फोन कोरलेली चकती लावा. स्कॅनर सगळ्यांकडे नसतो, डोळे असतात.

स्पष्टवक्ता_पेठ

टाकलं ग्रुपवर. आमच्याकडे २०१९ सालचा एक पग अजून दर दिवाळीत हरवतो.